डीकॅफचा डबा

मला कुणी काही सोडायला सांगितलं की मी ते आणखी घट्ट धरते. ही सवय चांगली नाही हे मला कळतं, पण साठी उलटल्यावर ती जाईल अशी आशा कुणी धरू नये. बाळंतपणानंतर सासूबाई म्हणाल्या, नोकरी सोड. मी त्यानंतर अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्यामुळे दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी कॉफीचा विषय काढला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या लेकीने त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

झालं होतं असं की माझ्या छातीत मधूनच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि पुढचा ठोका धाडकन यायचा. दुखत काही नव्हतं. पण भाजी चिरताना हात थांबायचा. एकदा बाजारातून येताना रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसावं लागलं आणि ते मी फोनवर लेकीला बोलून गेले. ती दुसऱ्या दिवशी पुण्याहून हजर. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, शांत होता. म्हणाला, "मैडम, घबराने की बात नहीं है। सबको कॉफी से नहीं होता, पर आपके केस में लग रहा है। कम करके देखिए।"

त्याने 'कम' म्हटलं. रिक्षात बसेपर्यंत लेकीने त्याचं 'बंद' केलं. घरी येईपर्यंत त्याला एक अटही चिकटली होती.

"हे पुन्हा झालं ना आई, तर तू पुण्याला यायचंस. कायमची. इथे एकटीला काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही." तिच्या समाधानासाठी मी हो म्हटलं आणि काही झालं तर लपवणार नाही असा शब्दही दिला.

माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून भोपाळच्या सोनागिरीतल्या या घरात मी एकटी राहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. त्याआधी एकतीस वर्षं बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली होती, जिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे. या घरात मी हवे तिथे खिळे ठोकले आहेत. पुण्याला लेकीचा फ्लॅट छान आहे, जावई भला आहे, मला स्वतंत्र खोलीही देतील. पण त्या खोलीत मी पाहुणी असेन आणि मरेपर्यंत पाहुणी असेन. हे तिला कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून मी कॉफीवरून भांडले.

कॉफीवरून भांडण्यालाही कारण होतं. सासरी चहा सगळ्यांचा होता. सासऱ्यांना कमी साखरेचा, दिरांना आल्याचा, पाहुण्यांना कपबशीतला, आणि उरलेला माझा. कॉफी मला कारखान्याने दिली. मी तिथल्या तेल तपासणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायचं तेल ड्रममधून यायचं. त्यात पाणी किती, आम्ल किती हे आम्ही पाहायचो आणि मगच तो ड्रम आत जायचा. तिथली माझी एक सहकारी मूळची म्हैसूरकडची. तिने मला फिल्टर कॉफी शिकवली. दूध तापवायला एक बीकर वेगळा ठेवला होता, त्यावर लाल रंगाची रेघ मारलेली, म्हणजे चुकून कुणी त्यात तेल ओतणार नाही. चार वाजले की त्या बीकरमध्ये दूध तापायचं आणि दहा मिनिटं मला कुणी काही मागायचं नाही. घरात कुणी विचारलंच नव्हतं मला काय आवडतं, मग माझं मीच ठरवलं.

तर अशी कॉफी मी सोडणार नव्हते. आणि पुण्यालाही जाणार नव्हते. दोन्ही सांभाळायचं तर एकच वाट होती. कॅफीन काढलेली कॉफी.

लेकीला वाटलं मी पळवाट काढते आहे. "डीकॅफ म्हणजे नुसतं रंगीत पाणी गं. आणि त्यात काय काय केमिकल घालतात माहीत आहे का?"

आता मला केमिकल म्हणजे काय ते हिने सांगायचं. मी त्याच आठवड्यात चष्मा लावून बसले आणि सगळं वाचून काढलं. माझ्या कामातलं होतं, सोपं गेलं. कॅफीन काढतात ते हिरव्या, न भाजलेल्या बियांमधून. आधी बिया वाफेवर फुगवायच्या. मग कॅफीन विरघळवून नेणारा एखादा द्रव त्यांच्यातून फिरवायचा. काही ठिकाणी मेथिलीन क्लोराइड वापरतात, ज्याने आम्ही तेलकट काचसामान धुवायचो. ते चाळीस अंशाच्या आसपास उडून जातं आणि बिया भाजतात त्याच्या कितीतरी वर, म्हणजे मागे उरलंच तर नावापुरतं. काही जण उसाच्या मळीपासून होणारं एथिल अॅसिटेट वापरतात, त्याला पिकल्या फळासारखा वास असतो. मोठे कारखाने कार्बन डायऑक्साइड दाबाखाली बियांतून सोडतात. आणि चौथी पद्धत नुसत्या पाण्याची.

पाण्याची पद्धत मला सगळ्यांत आवडली, कारण ती मी लेकीला पुरणावरून समजावू शकले. फोनवर म्हटलं, डाळ शिजवून कट काढतेस ना, तेव्हा डाळीची चव त्या कटात उतरते. आता दुसरी डाळ साध्या पाण्यात न शिजवता त्या कटातच शिजवलीस, तर तिची चव कुठे जाणार? कटात आधीच चव भरलेली आहे, तिथे जागाच नाही. कॉफीचं तसंच करतात. पहिल्या बियांचं पाणी घ्यायचं, त्यातलं कॅफीन तेवढं कोळशातून गाळून काढायचं, आणि त्या चवदार पाण्यात पुढच्या बिया भिजवायच्या. चव बियांतच राहते, कॅफीन तेवढं बाहेर येतं. थोडंसं राहतंच, अगदी शून्य होत नाही, पण ते फार थोडं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुरण कधी करणार आहेस?" म्हणजे तिला पटलं होतं.

चिकमगळूरच्या एका छोट्या भट्टीवाल्याकडून मी पाण्याच्या पद्धतीची पूड मागवली. अर्ध्या अर्ध्या किलोची दोन पाकिटं आली. एक स्टीलच्या डब्यात ओतलं, दुसरं न उघडता फ्रीजमध्ये ठेवलं, आणि पुढेही डबा संपत आला की नवं मागवत गेले, म्हणजे एक पाकीट कायम फ्रीजमध्ये असायचं. पहिल्या दिवशी कॉफी प्यायले आणि खोटं कशाला बोलू, तोंड वाकडं झालं. पातळ होती. पूड जास्त घातली, पाणी कमी केलं, फिल्टर जास्त वेळ ठेवला. पंधरवड्यात पिण्यासारखी झाली. ठोके महिन्याभरात जागेवर आले. पुढचं सव्वा वर्ष मी चार वाजता माझी कॉफी माझ्या घरात प्यायले आणि लेकीला रोज फोनवर सांगितलं की मी जिवंत आहे.

शेजारच्या वहिनींना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. वहिनी मूळच्या नागपूरच्या, यजमान राज्य सरकारच्या कचेरीत होते, त्या बदलीबरोबर इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचं माझं मेतकूट आहे. पण माझ्या छातीत काही होतं हे त्यांना सांगितलं असतं तर गल्लीभर झालं असतं, आणि मग मला कुणी भाजीची पिशवीसुद्धा उचलू दिली नसती. मी आजारी बाई म्हणून ओळखली जायला तयार नव्हते. डब्यावर चिकटवलेली 'डीकॅफ' ही चिठ्ठी पाहून त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, सहज, चव बदलून पाहते आहे.

"भोपाळात राहून केमिकलवाली चीज पिता ताई तुम्ही? हद्द आहे जी."

मी चिडले आणि डब्याचं झाकण लावलं. पण वायुगळती झालेल्या या गावात लोक त्या शब्दाला घाबरतात ते उगाच नाही. उत्तरेकडच्या वस्त्यांमधून आमच्या कारखान्यात कामाला येणाऱ्या काही माणसांचे डोळे मी इतकी वर्षं जवळून पाहिले आहेत. त्या भीतीची मी चेष्टा करणार नाही. मी एवढंच म्हणते की केमिकलला नाव असतं, प्रमाण असतं, आणि ते विचारायला शिकलं पाहिजे. विचारलं नाही म्हणूनच माणसं फसतात. हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. पुढे जे झालं त्यावरून हा तोरा मला किती शोभत होता ते कळलंच.

या पावसाळ्याच्या शेवटी वहिनींची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिला कॉफीचं फार वेड आणि डॉक्टरांनी तिला कमी करायला सांगितलेलं. वहिनी संकोचत आल्या. "ताई, ते तुमचं बिनताकतीचं काही असंन तर थोडं द्या नं. केमिकल तर नाही नं त्यात?"

मी म्हटलं, नुसतं पाणी वापरतात, आणि अख्खा डबाच त्यांच्या हातात दिला. त्याच आठवड्यात माझी एक जुनी मैत्रीण राहायला आली होती, तिला चहा लागायचा, म्हणून मीही चहाच घेत होते. दहा दिवसांनी वहिनी डबा परत घेऊन आल्या. डबा भरलेला होता. मला वाटलं, मुलीला आवडली नसणार, म्हणून तशीच परत आली. मी काही विचारलं नाही, कारण नावडल्याचं कुणाच्या तोंडून वदवून घेणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कॉफी केली आणि ती सुरेख झाली. इतकी सुरेख की मी उभ्या उभ्या दुसरा पेला घेतला. लेकीला फोनवर म्हटलं, आता मला डीकॅफ जमायला लागली, हाताला वळण पडलं. तिने कौतुक केलं. आठवडाभर मी माझ्या हाताचं कौतुक ऐकत आणि करत कॉफी प्यायले.

नवव्या दिवशी सकाळी केर काढताना ठोका चुकला. मग पुन्हा. मी केरसुणी टाकून खाली बसले. लपवायचा विचार मनात आला होता, हे कबूल करते. पण मी तिला शब्द दिला होता की काही झालं तर सांगेन, आणि शब्द पाळायचा असतो तेव्हा तो आपल्याविरुद्ध जातो तरी पाळायचा असतो. मी फोन केला. ती संध्याकाळच्या विमानाने आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा हृदयाचा आलेख काढला आणि विचारलं, कॉफी? लेकीने सांगितलं, डीकॅफच घेते, सव्वा वर्ष झालं. डॉक्टर जरा विचारात पडला. म्हणाला, मग कॉफीचा दोष नाही, हृदयाचीच नीट तपासणी करावी लागेल. पुण्यात केली तरी हरकत नाही.

घरी आल्यावर लेकीने कपाटावरची बॅग काढली आणि माझ्या साड्या भरायला घेतल्या. मी दारात उभी राहून बघत होते. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, घड्या मोडू नयेत म्हणून जपून ठेवत होती. मला फार राग आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण ती चुकत नव्हती. अट मी मान्य केली होती.

चार वाजले. मी स्वयंपाकघरात गेले आणि कॉफी केली, दोन पेले. लेक बॅग भरत होती तिथे तिला एक नेऊन दिला. तिने घोट घेतला आणि थांबली.

"आई, ही डीकॅफ आहे? ऑफिसमधल्या मशीनपेक्षा कडक आहे."

मी म्हणणार होते, हाताचं वळण. त्याऐवजी मी डबा उजेडात नेला. फ्रीजमधलं न उघडलेलं पाकीट फोडलं. पांढऱ्या थाळीत दोन्हीकडची थोडी थोडी पूड शेजारी शेजारी ओतली. पाकिटातली जवळजवळ काळपट होती, कारण कॅफीन काढलेल्या बिया भाजल्यावर जास्त गडद दिसतात. डब्यातली चांगली विटकरी तपकिरी होती. आठ दिवस मी ती चमच्याने उचलत होते आणि मला दिसलं नव्हतं. एकतीस वर्षं बाहेरून आलेला ड्रम मी तपासल्याशिवाय आत घेतला नाही, आणि घरात आलेला डबा, केवळ कॉफी छान झाली म्हणून, तसाच उघडला.

"रंगावरून काही सिद्ध होत नाही," लेक म्हणाली. माझीच मुलगी.

"मग सिद्ध करू," मी म्हटलं.

कॅफीनचा एक गुण आहे. नीट तापवलं तर ते न वितळता सरळ वाफ होऊन उठतं आणि गार जागा मिळाली की पांढऱ्या बारीक सुयांसारखं बसतं. मी लोखंडी तवा बारीक आचेवर ठेवला, त्यावर एका वाटीत दोन चमचे डब्यातली पूड, वाटीवर स्टीलची ताटली आणि ताटलीत बर्फ. आधी ओलावा धरला, तो पुसून काढला. घरभर करपट वास सुटला. लेक ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभी होती. पंधरा मिनिटांनी मी ताटली चिमट्याने उचलून उलटी केली. मधोमध पांढरी लव आली होती, बोटाने पुसता येईल एवढी. मग दुसरी वाटी, पाकिटातली पूड, तेवढीच आच, तेवढाच वेळ. ताटलीवर पिवळट डाग सोडून काही नव्हतं.

तिने दोन्ही ताटल्या खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. मी तशीच चपला घालून वहिनींकडे गेले, ती माझ्या मागोमाग आली.

वहिनी मटार सोलत होत्या. मी विचारलं, डब्यात काय होतं.

"कॉफीच, ताई. पोरीनं तुमची सगळी संपवली नं. मग रिकामा डबा कसा काय परत देऊ जी तुम्हाले? ते बरोबर दिसते का? तुमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मद्रासी दुकानातून आणली, एकदम शुद्ध. म्हटलं ताईंना खरी, ताकतीची कॉफी पाजावी." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "काहून? खराब होती का?"

रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे माझ्या आईनेही मला शिकवलेलं. मीही कधी दिला नाही. साखर, नाहीतर चार लाडू, नाहीतर निदान दोन पेरू. वहिनींनी मला जे उत्तम वाटेल ते शोधून आणून भरलं होतं. त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण मी ठाऊक होऊ दिलं नव्हतं. मी तिथेच त्यांच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं, ठोक्यांचं, डॉक्टरांचं, पुण्याचं. त्यांचे हात मटारात तसेच राहिले. त्या रडायला लागल्या आणि मला त्यांची समजूत घालावी लागली.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, लेक बॅग उघडेल. तिने उघडली नाही.

"झालं ते कळलं," ती म्हणाली. "पण आई, उद्या आणखी कुणी काही भरून आणून देईल. औषध बदलून येईल. तू आठ दिवस प्यायलीस आणि तुला कळलं नाही. मी याच गोष्टीला घाबरते."

तिचं खरं होतं. वाटीतल्या प्रयोगाने कॉफी सिद्ध झाली होती, मी नव्हते. मी खुर्चीवर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला सरळ सांगितलं.

"चूक माझी झाली. पुढेही होईल. तुझ्या घरातही होईल, कारण तिथेही मीच असेन. तपासणी इथे करते, डॉक्टर म्हणेल ती. वहिनींकडे किल्ली ठेवते, तुझा नंबर ठेवते, आता लपवायचं काही उरलं नाही. पण मी येणार नाही. हृदय खरंच बिघडलेलं निघालं तरी येणार नाही."

"आणि इथे तुला काही झालं तर?"

"तर माझ्या घरात होईल."

 मला वाटलं आता भांडेल. ती म्हणाली, "मी घाबरायचं थांबणार नाही."

"नको थांबू," मी म्हटलं. "घाबर तू. मलाही भीती वाटते. आपण दोघी घाबरू, तू पुण्यात आणि मी इथे."

तिने बॅग ओढली आणि साड्या परत कपाटात ठेवायला सुरुवात केली, एकेक, मघाशी भरताना जपल्या होत्या तितक्याच जपून. मी मदतीला उठले तर म्हणाली, बस. मी बसले.